बहिर्जीला पंख नकोत : स्वराज्याच्या सोबत्यांना अतिमानव करणाऱ्या लेखणीविषयी

(१/२२)
इ. स. १६७९ चा नोव्हेंबर. जालन्याच्या पेठेची चार दिवस लूट करून मराठ्यांची फौज परतीला लागली होती. लुटीच्या ओझ्याने घोडी जड झाली होती आणि मागावर रणमस्तखान होता. वाटेत गाठ पडली, लढाई झाली, सिधोजी निंबाळकर पडले. आणखी मोगली कुमक जवळ येत होती. त्या घटकेला शिवछत्रपतींसह सारी फौज एका माणसाच्या ज्ञानावर अवलंबून राहिली. त्याचे नाव बहिर्जी नाईक. हा थ्रेड त्याच्याविषयी आहे आणि त्याच्यासारख्या सोबत्यांचे लेखणीने काय केले, त्याविषयीही.

(२/२२)
आजच्या तरुण वाचकाला बहिर्जी ठाऊक असतो, पण कोणता? क्षणात फकीर, क्षणात वासुदेव होणारा. शत्रूच्या दरबारात बसून येणारा. पक्ष्यांच्या आवाजात निरोप धाडणारा. हजारो हेरांच्या खात्याचा सर्वज्ञ प्रमुख. कादंबऱ्या, मालिका, व्याख्याने आणि अलीकडचे रील यांनी मिळून हा पुरुष घडवला. त्याला मुखवटा आणि अंगरखा चढवला, की परदेशी चित्रकथेतला सुपरहिरो तयार होतो.

(३/२२)
या चित्रावरून इतिहासप्रेमींमध्ये सतत वाद झडतात. एक पक्ष म्हणतो, लेखकांनी सोबत्यांना लहान केले. नायकाचे तेज वाढावे म्हणून त्यांना मागे उभे केले. दुसरा पक्ष म्हणतो, त्यांना वाजवीपेक्षा मोठे केले. दोन्ही पक्ष उंचीवर भांडतात. खरी हानी मात्र उंचीची नाही. ती कामाची आहे. सोबत्याने प्रत्यक्षात काय केले, हेच या गोंधळात पुसले जाते.

(४/२२)
आधी साधने पाहावीत. कृष्णाजी अनंत सभासद याने राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजी येथे इ. स. १६९७ च्या सुमारास बखर लिहिली. शिवकाळ स्वतः पाहिलेल्या माणसाचे हे लेखन. त्यात बहिर्जी येतो तो जासूद म्हणून. त्याला दिलेली जागा थोडकी आहे, पण ती अत्यंत नेमकी आहे. दोन प्रसंगी तो ठळकपणे पुढे येतो : सुरत आणि जालना.

(५/२२)
सुरतेच्या प्रसंगात तो बातमी आणतो. शहर मारले तर अगणित द्रव्य हाती लागेल, असे तो राजाला सांगतो. जानेवारी १६६४ मध्ये ती बातमी खरी ठरली. शहराचा सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला आणि पेठ उघडी पडली. येथे वेषांतराचा चमत्कार कोठेही सांगितलेला नाही. सांगितला आहे तो अंदाज : संपत्ती कोठे आहे आणि तेथवर जाणे परवडेल काय. स्वराज्यापासून इतक्या दूरच्या मोहिमेत हा अंदाज चुकला असता, तर फौज परत आली नसती.

(६/२२)
जालन्याच्या प्रसंगात तो वाट दाखवतो. लढाई टाळून फौज आपल्या मुलखात नेतो, असे तो पत्करतो आणि तीन अहोरात्र चालवून पट्टा किल्ल्याशी पोहोचवतो. पट्टा म्हणजे आजच्या अकोले तालुक्यातला, सिन्नरच्या सीमेलगतचा डोंगरी किल्ला. तेथे महाराजांनी विसावा घेतला. त्यावरून त्याला विश्रामगड हे नाव मिळाले. पुढे ३ एप्रिल १६८० रोजी महाराजांचे निधन झाले. म्हणजे बहिर्जीने वाचवलेली ही वाट शिवछत्रपतींच्या अखेरच्या मोठ्या स्वारीची परतवाट होती.

(७/२२)
आता नकाशा उघडावा. जालन्यापासून पट्टा सरळ रेषेतही दोनशे किलोमीटरांहून दूर आहे. मध्ये गोदावरी आहे. जालन्याच्या पश्चिमेस साठेक किलोमीटरांवर औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर; मोगलांच्या दख्खन सुभ्याचे ठाणे, आणि शाहजादा मुअज्जम त्या वेळी तेथेच होता. लुटीने जड झालेली फौज शत्रूच्या उंबरठ्याजवळून घरी न्यायची होती.

(८/२२)
रणमस्तखानाशी लढाई संगमनेरच्या परिसरात झाली, असे सामान्यतः मानले जाते. तेथून पट्टा सरळ रेषेत चाळीस किलोमीटरांच्या आसपास. हलक्या स्वाराला ही एका दिवसाची मजल. मग तीन अहोरात्र का लागली? उघड आहे की वाट सरळ नव्हती. मोगलांना ठाऊक असलेला हमरस्ता सोडून, लादलेली जनावरे चढू शकतील अशा आडवाटेने फौज फिरवून नेली गेली. बहिर्जीचे कर्तृत्व त्या वळणांत आहे.

(९/२२)
वाट ठाऊक असणे, हे शब्द वाचायला सोपे आहेत. हजारो घोड्यांना रोज पाणी लागते. ते कोठे मिळेल? कोणत्या घाटात एका रांगेत चालावे लागेल? कोणत्या गावातून खबर फुटेल? रात्री चालताना मागची तुकडी चुकू नये म्हणून खूण कोणती? ही माहिती झाडावर बसून मिळत नाही. ती वर्षानुवर्षे पायांनी गोळा करावी लागते. गुराखी, बेपारी, यात्रेकरू यांच्याशी बोलून पडताळावी लागते.

(१०/२२)
जालन्याहून मंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, परतूर तालुक्यात वाटूर हे गाव आहे. वाटूर फाट्यावर परतूरचा रस्ता फुटतो. तेथे उभ्या राहिलेल्या परक्याला कोणीतरी सांगावे लागते, इकडे जा, तिकडे जाऊ नकोस. बहिर्जीचा व्यवसाय हाच होता. फरक एवढा, की फाट्यावर पाटी नव्हती आणि चूक झाली तर किंमत राज्याची होती. वाटूरच्या तरुणाला पडद्यावरच्या छद्मी फकिरापेक्षा हा वाटाड्या अधिक लवकर ओळखू यावा.

(११/२२)
येथे एक सावधगिरीही हवी. महाराजांची परतवाट जालन्यापासून पश्चिमेची. वाटूर जालन्याच्या आग्नेयेस. तेव्हा आपल्या गावच्या ओढ्यावर बहिर्जीने घोडे पाजले, असा फलक वाटूरने लावू नये. प्रत्येक गावाने नायकाच्या वाटेवर आपला मुक्काम घुसवायचा आणि प्रत्येक लेखकाने सोबत्याच्या अंगी नवी सिद्धी घुसवायची, हे दोन्ही एकाच रोगाचे प्रकार आहेत. वाटूरचा हक्क वेगळा आहे : बहिर्जीचे सर्वांत महत्त्वाचे नोंदलेले काम ज्या मोहिमेत घडले, ती या जिल्ह्याच्या इतिहासातली आहे. ते जाणायला फलक लागत नाही.

(१२/२२)
सुपरहिरोंच्या दुनियेतली एक घटना येथे उपयोगी पडते. बॅटमॅनचा सोबती रॉबिन १९४० साली चित्रकथेत अवतरला. १९८८ मध्ये प्रकाशकांनी दुसऱ्या रॉबिनचे, म्हणजे जेसन टॉडचे, जगणे-मरणे वाचकांच्या दूरध्वनी-मतांवर सोडले. ५,३४३ मते मरणाच्या बाजूने पडली, ५,२७१ जगण्याच्या. ७२ मतांनी रॉबिन मेला. पुढे लेखकांनी त्याला परत आणले. कागदाच्या पोराचे काहीही करता येते; तो लेखकाच्या आणि मालकाच्या हुकुमाचा.

(१३/२२)
बहिर्जी कोणाच्या मालकीचा नाही. तो जगला, थकला, कोणत्या तरी रात्री घाबरलाही असेल. त्याच्याविषयी मतदान घेता येत नाही. तरीही आज त्याला रॉबिनसारखे वागवले जाते : आवडेल ते बल द्यावे, खपेल तो मृत्यू द्यावा. सांगली जिल्ह्यातल्या बाणूरगडावर त्याची समाधी असल्याची स्थानिक श्रद्धा आहे. त्या श्रद्धेचा मान राखावा. पण तिच्याभोवती शेवटच्या झुंजीचे संवाद रचून ते इतिहास म्हणून वाटू नयेत.

(१४/२२)
लेखणी सोबत्याला मोठे करते, तशी गरज पडली तर काळेही करते. याचे सर्वांत कठोर उदाहरण म्हणजे कवी कलश. उत्तरेतून आलेला हा विद्वान कवी संभाजी महाराजांचा विश्वासू झाला. छंदोगामात्य आणि कुलएख्तियार ही पदे त्याला मिळाली. १ फेब्रुवारी १६८९ रोजी संगमेश्वरी तो राजासोबत पकडला गेला आणि ११ मार्च १६८९ रोजी राजासोबतच मारला गेला. एवढे निश्चित असताना नंतरच्या बखरींनी त्याचे काय केले?

(१५/२२)
त्याचे नावच बदलले. कलशाचा कलुषा झाला. कलुष म्हणजे मळ, डाग. नावातच निकाल लिहून ठेवल्यावर पुरावा कोण मागणार? मंत्र-तंत्राने राजाला भुलवणारा परदेशी मांत्रिक, ही त्याची प्रतिमा पिढ्यान्‌पिढ्या नाटके आणि कादंबऱ्यांतून फिरली. यामागची सोय ध्यानात घ्यावी. राजाला थेट दोष द्यायचा नाही, पण राज्यावरच्या संकटाला कारण तर हवे. अशा वेळी सोबत्याची पाठ सर्वांत स्वस्त पडते.

(१६/२२)
ही प्रतिमा घडवणाऱ्यांत मल्हार रामराव चिटणिसाची बखर प्रमुख आहे. ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची, म्हणजे घटनेनंतर शतकाहून अधिक काळाने लिहिलेली. लेखक बाळाजी आवजी चिटणिसांच्या घराण्यातला. त्या बाळाजींना संभाजी महाराजांनी १६८१ मध्ये देहदंड दिला होता. घराण्याची जखम बाळगणाऱ्याचे लेखन साक्ष म्हणून वाचावे, निवाडा म्हणून नव्हे. १९६० मध्ये वा. सी. बेंद्रे यांचा संभाजीचरित्रग्रंथ आला आणि जुनी प्रतिमा कागदपत्रांच्या आधारे तपासली गेली.

(१७/२२)
पण लंबक दुसऱ्या टोकाला गेला. आता कलश केवळ राजाची निष्ठावान सावली उरला आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेल्या ‘छावा’ चित्रपटातही प्रेक्षकांनी साखळदंडांत राजासोबत कविता म्हणणारा कलश पाहिला आणि ते हेलावले. मात्र जेधे शकावलीनुसार १६८८ मध्ये शिर्के आणि कलश यांच्यात उघड संघर्ष झाला आणि कलशाला खेळण्याचा, म्हणजे विशाळगडाचा, आश्रय घ्यावा लागला. दरबारात त्याच्याविषयी असंतोष होता. सत्ता हाती असलेल्या, शत्रू निर्माण केलेल्या, चुका करू शकणाऱ्या प्रशासकाला निव्वळ मित्र करून टाकणे, हेही पुसणेच आहे.

(१८/२२)
त्याच चित्रपटावर शिर्के घराण्याच्या वंशजांनी आक्षेप घेतला आणि दिग्दर्शकांनी जाहीर दिलगिरी व्यक्त केली. येथे कोण बरोबर, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. एका सोबत्याला उजळवायचे, तर दुसऱ्याला काळे करावे लागते, अशी कथेची सवय असते. तीनशे वर्षांपूर्वीच्या माणसांची नावे आजही कोणाच्या तरी आधारकार्डावर आहेत. चित्रकथेच्या खलनायकाला नातू नसतात.

(१९/२२)
तानाजी मालुसऱ्यांची कथाही याच चक्रातून गेली. सभासदाच्या वर्णनात ४ फेब्रुवारी १६७० च्या त्या रात्रीचा क्षण विलक्षण साधा आहे : ढाल तुटते, दुसरी वेळेवर मिळत नाही, तानाजी डावा हात ढालीसारखा पुढे करून लढतो. उदेभान आणि तो, दोघेही पडतात. भाऊ सूर्याजी विस्कटणारी माणसे सावरून गड घेतो. पोवाड्यातून यशवंती घोरपड आली. ती लोकस्मृतीची संपत्ती आहे. २०२० च्या ‘तान्हाजी’ चित्रपटाने तर ‘नागीण’ नावाची अजस्र तोफ आणली. तुटलेल्या ढालीसमोर ही तोफ किती फिकी आहे, हे तिच्या निर्मात्यांना जाणवले नसावे.

(२०/२२)
यावर दोन उत्तरे नेहमी येतात. पहिले : ललित लेखकाला स्वातंत्र्य आहे. अवश्य आहे. साधने जेथे मौन बाळगतात, तेथे कादंबरीकाराने बोलावेच. पण त्याने शक्यतेच्या हद्दीत बोलावे आणि पुस्तकाच्या आरंभी ते स्पष्ट लिहावे. अडचण कादंबरीत नाही. कादंबरीतला प्रसंग चार वर्षांनी व्याख्यानात पुरावा म्हणून येतो आणि दहा वर्षांनी सहलीच्या मार्गदर्शकाच्या तोंडी, तेथे आहे.
दुसरे उत्तर : यातून तरुणांना प्रेरणा मिळते. कोणती? उडणाऱ्या माणसाकडे पाहून टाळी वाजवता येते, त्याच्यासारखे होता येत नाही. डोंगर पायांनी मोजणाऱ्या, ऐकलेली खबर तीनदा पडताळणाऱ्या माणसासारखे मात्र कोणालाही होता येते.

(२१/२२)
अतिमानव बहिर्जी आणखी एक गोष्ट झाकतो. जालन्याच्या धनिकांनी लुटीच्या वेळी जान महंमद या सूफी संताच्या बागेचा आश्रय घेतला होता आणि तेथेही लूट झाली, अशी हकीकत आहे. महाराजांच्या निधनाचा संबंध त्या संताच्या शापाशी जोडणारी कथाही पुढे प्रचलित झाली. शाप ही नंतरच्यांची कल्पना; पेठेतल्या माणसांची भीती खरी होती. जालना जिल्ह्यातल्या तरुणाच्या वाट्याला हा इतिहास दोन्ही बाजूंनी येतो : वाट दाखवणाऱ्याचा अभिमान आणि लुटल्या गेलेल्या गावाची आठवण. सुपरहिरोच्या कथेत दुसऱ्या बाजूला जागाच नसते. युद्धखर्चासाठी शत्रूच्या मुलखातील पेठ लुटणे ही त्या काळची सर्वमान्य रीत होती, हे सांगून पेठेचे दुःख पुसता येत नाही. आणि ते दुःख मान्य केल्याने बहिर्जी तसूभरही लहान होत नाही.

(२२/२२)
तेव्हा लेखकांकडे मागणी एकच असावी : सोबत्याला त्याचे काम परत द्या. बहिर्जीला आडवाट द्या, कलशाला त्याचे खरे नाव आणि त्याचे शत्रू द्या, तानाजीला तुटलेली ढाल द्या. आणि वाचकांनीही पुढच्या वेळी नवे पुस्तक, नवा चित्रपट वा नवे रील समोर आले, की तीन प्रश्न विचारावेत. हे प्रथम कोणी लिहिले? घटनेनंतर किती वर्षांनी? आणि ते लिहिण्यात त्याची सोय काय होती? एवढ्या तीन प्रश्नांनी निम्मी भुते उतरतात. उरतात ती माणसे. तीन अहोरात्र चालून फौजेला डोंगरापर्यंत पोहोचवणारी. शिवछत्रपतींनी ज्यांच्यावर राज्य सोपवले, ती हीच होती.